आधी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मग जोक: अनोळखी माणसाच्या मरणावर मोबाईल असा का वागतो?

पहाटे कुठंतरी मोठा अपघात होतो. डेअरीला दूध घालायला निघालेल्या माणसाच्या मोबाईलवर सहा-साडेसहाला बातमी पडते. आठपर्यंत गावच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागते. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘ओम शांती’, ‘देव कुटुंबाला बळ देवो’. एकानं टाकलं म्हणून दुसरा टाकतो, दुसऱ्यानं टाकलं म्हणून तिसरा. दुपारी तेच फोटो रडकं गाणं लावून परत येतात. आणि संध्याकाळी, कधी त्याच्याही आधी, त्याच अपघातावरचा पहिला जोक येतो. त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागते.

सकाळी हात जोडणारे वेगळे आणि संध्याकाळी हसणारे वेगळे, असं वाटतं. नीट पाहिलं तर बऱ्याचदा नंबर तेच असतात.

मग लोक निगरगट्ट झालेत का? मोबाईलनं माणुसकी संपवली का? अशी ओरड दर वेळी होते. पण मरणावरचा विनोद मोबाईलपेक्षा फार जुना आहे. ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसासाठी रडणंही जुनंच. नवीन आहे ते वेगळंच काहीतरी. ते समजायला २०२३ सालचे जून आणि जुलै हे दोन महिने चांगले उपयोगी पडतात. त्या पाच-सहा आठवड्यांत चार मोठ्या दुर्घटना झाल्या, आणि चारही वेळा लोक वेगवेगळे वागले.

एकाच आठवड्यात दोन बुडाल्या

१४ जून २०२३ ला ग्रीस देशातल्या पायलोसपासून दूर समुद्रात ‘एड्रियाना’ नावाची मासेमारीची जुनी बोट बुडाली. लिबियातून ती इटलीकडं निघाली होती. आत साडेसातशेच्या आसपास माणसं कोंबलेली होती, असा अंदाज आहे. पाकिस्तान, सीरिया, इजिप्त अशा देशांतली ही माणसं. जमिनी विकून, कर्ज काढून दलालाला पैसे दिलेले. १०४ जण वाचले, ८२ मृतदेह हाती लागले, बाकीचे समुद्राच्या पोटात गेले. बोटीवर साडेतीनशे तरी पाकिस्तानी होते, असं तिथल्या गृहमंत्र्यांनी सांगितलं. १९ जूनला त्या देशानं राष्ट्रीय दुखवटा पाळला.

आपल्याकडच्या किती मोबाईलवर ही बातमी आली? कोपऱ्यात कुठंतरी येऊन गेली असेल. ना श्रद्धांजली, ना जोक.

चार दिवसांनी, १८ जूनला, अटलांटिक महासागरात ‘टायटन’ नावाची छोटी पाणबुडी टायटॅनिक जहाजाचे अवशेष बघायला खाली गेली आणि तिचा संपर्क तुटला. टायटॅनिक सुमारे ३,८०० मीटर खोल पडलंय. पाणबुडीत पाच जण होते आणि एका माणसाचं तिकीट अडीच लाख डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबानं दोन कोटी रुपयांच्या पुढं. ही पाणबुडी व्हिडिओ गेम खेळायच्या रिमोटनं चालवायचे, हे बाहेर आलं आणि मग काही विचारू नका. आत ९६ तासांचा ऑक्सिजन आहे असं सांगितलं होतं, त्यामुळं टीव्हीवाल्यांनी उलटी मोजणी लावली. एकीकडं ‘आता इतके तास उरले’ आणि दुसरीकडं मोबाईलवर गेमच्या रिमोटचे मीम. ते इंग्रजीतून हिंदीत आले आणि आपल्यापर्यंतही पोचले. माणसं जिवंत असतील असं सगळे धरून चालले होते, तेव्हाच हे सुरू झालं होतं.

२२ जूनला टायटॅनिकच्या जवळच पाणबुडीचे तुकडे सापडले. पाण्याच्या दाबानं ती पहिल्याच दिवशी चिरडली असावी, असं निष्पन्न झालं. म्हणजे जग तास मोजत होतं तेव्हा आत कुणी उरलंच नव्हतं.

त्या पाचात पाकिस्तानी वंशाचे एक उद्योगपती शहजादा दाऊद आणि त्यांचा १९ वर्षांचा मुलगा सुलेमान होते. पोराच्या आईनं नंतर सांगितलं की ती जागा खरं तर तिची होती. मुलाची फार इच्छा म्हणून तिनं ती त्याला दिली. पोरानं बरोबर रुबिकचा क्यूब नेला होता. समुद्राच्या तळाशी तो सोडवून विक्रम करायचा होता त्याला. हे वाचल्यावर बऱ्याच जणांनी आधी टाकलेलं काढून टाकावं असं काहीतरी पोटात झालं असणार. पण तोवर मीम चार देश हिंडून आले होते.

टायटनवर लोक का हसले आणि एड्रियानावर का नाही? एक उत्तर सरळ आहे. एवढा पैसा, एवढी मिजास, आणि शेवटी गेमचा रिमोट. श्रीमंताची फजिती झाली की गरिबाला बरं वाटतं, यात लपवण्यासारखं काही नाही. दोन कोटींचं तिकीट ऐकल्यावर आत माणूस बसलाय हेच डोक्यातून जातं, फक्त तिकीट दिसतं. एड्रियानातला माणूस मात्र हसण्यासारखा नव्हता आणि बातमीत दिसण्यासारखाही नव्हता. त्याचं नाव नाही, फोटो नाही, कहाणी नाही. लोक हसले नाहीत यात चांगुलपणा किती आणि ठाऊकच नव्हतं हे किती, याचा ज्यानं त्यानं हिशेब करावा. ज्याच्यावर कुणी जोक केला नाही, त्याच्यासाठी कुणी रडलं असंही नसतं.

‘देवेंद्रवासी’

टायटनचे तुकडे सापडून दहा दिवसही झाले नव्हते. १ जुलै २०२३, रात्री दीडच्या सुमारास समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस उलटली आणि पेटली. नागपूरहून पुण्याला निघालेली बस. नागपूर, वर्धा, यवतमाळ भागातली, नोकरीला-शिक्षणाला निघालेली तरुण पोरं-पोरी त्यात जास्त. ३३ पैकी २५ जण होरपळून गेले. ओळख पटेना म्हणून दुसऱ्या दिवशी बुलडाण्यात २४ जणांवर एकत्रच अंत्यसंस्कार झाले. कुणाची चिता कोणती हे आईबापालाही सांगता येत नव्हतं.

अपघाताच्या दिवशीच शरद पवारांनी पत्रकारांशी बोलताना सांगितलं की, त्या रस्त्यावर कुणी मेलं की तिकडचे लोक त्याला ‘देवेंद्रवासी’ झाला म्हणतात. रस्ता तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांचं स्वप्न म्हणून ओळखला जाणारा. त्यावरून राजकारण तापायचं ते तापलं. कुणी कुणाला काय उत्तर दिलं ते बाजूला ठेवू. शब्दाकडं बघा. कैलासवासी, स्वर्गवासी, वैकुंठवासी हे शब्द गावाच्या तोंडात आधीपासून आहेत. देवेंद्र म्हणजे इंद्र, स्वर्गाचा राजा. त्यामुळं शब्द दोन्हीकडून बसतो. असले शब्द कुणी वहीत लिहून तयार करत नाही. ते टपरीवर, रस्त्याकडंच्या ढाब्यावर बनतात. त्यामागं रोजचे अपघात बघून आलेला कंटाळा आणि राग असतो.

हा विनोद मेलेल्यावर नव्हता, रस्त्यावर आणि तो करणाऱ्यांवर होता. सत्तेला तोंडावर बोलता येत नाही तेव्हा माणूस असं बोलतो. पण याला दुसरी बाजू आहे. शब्दाचा नेम सरकारवर असला तरी तो ठेवलेला असतो मयताच्या छातीवर. बुलडाण्यात चितेसमोर उभ्या असलेल्या बापाला कुणी हा शब्द ऐकवला असता तर त्याला त्यातलं राजकारण दिसलं असतं का? त्याला त्याची लेक दिसली असती. टपरीवर तो शब्द बरोबर होता, चितेपाशी नसता. शब्द एकच.

इर्शाळवाडीवर तसा धुमाकूळ झाला नाही

१९ जुलैच्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. ठाकर समाजाची वाडी. गाडीरस्ता नाही, पायवाट चढून जायचं. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसं मिळालीच नाहीत आणि २३ जुलैला शोध थांबवला गेला. त्यांची वाडी हीच त्यांची समाधी झाली.

टायटनवर जसा मीमचा पाऊस पडला तसा इथं पडला नाही. गरीब माणसं होती म्हणून? एड्रियानाचीही गरीबच होती, त्यांच्यासाठी आपल्याकडं कुणी रडलं नाही. फरक अंतराचा आहे. इर्शाळवाडी महाराष्ट्रातली, पावसाळा चालू, डोंगराच्या पोटाला घरं असलेली गावं आपल्या प्रत्येक घाटातालुक्यात. २०१४ साली ३० जुलैला आंबेगाव तालुक्यातलं माळीण असंच गेलं होतं, ते लोकांच्या डोळ्यासमोर होतं. बातमी बघणाऱ्याची नजर आपोआप स्वतःच्या घरामागच्या दरडीकडं गेली. जे आपल्यावर येऊ शकतं त्यावर हसू येत नाही.

या अंतराचा अभ्यासही झालाय. अमेरिकेत २९ ऑक्टोबर २०१२ ला ‘सँडी’ नावाचं मोठं वादळ आलं. कोलोरॅडो विद्यापीठातले पीटर मॅकग्रॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वादळावरचे विनोद वेगवेगळ्या तारखांना लोकांना दाखवून ते किती हसण्यासारखे वाटतात हे विचारलं. २०१४ साली ते छापून आलं. वादळ यायच्या आधी लोक हसत होते. नुकसान दिसलं तसं हसू गेलं. साधारण महिन्याभरानं तेच विनोद पुन्हा चांगले वाटायला लागले. तीन महिन्यांनी त्यात काही राहिलं नाही, शिळे झाले. फार जवळ असलं तर झोंबतं, फार लांब गेलं तर कुणाला काही पडलेलं नसतं. हसू मधल्या पट्ट्यात येतं.

आपल्याकडं ‘परदुःख शीतल’ म्हणतात ते याहून वेगळं नाही. विद्यापीठानं फक्त दिवस मोजले.

टीव्हीचा वाटा

अजून एक गोष्ट आहे आणि तिच्याकडं कमी लक्ष जातं. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उडाल्यावर ७३ सेकंदांत फुटलं. सात जण गेले, त्यात क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेची बाई होती. तिच्या वर्गातली पोरं टीव्हीवर बघत होती. तेव्हा इंटरनेट नाही, मोबाईल नाही. तरी थोड्याच दिवसांत देशभर त्यावरचे अघोरी जोक तोंडोतोंडी फिरले. ‘नासा’ या नावातल्या अक्षरांचा भलताच अर्थ लावणारे वगैरे. लोकसाहित्याचे अभ्यासक इलियट ओरिंग यांनी १९८७ साली त्यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, टीव्ही तोच स्फोट पुन्हा पुन्हा दाखवतो, निवेदक गळा दाटून बोलतो आणि पुढच्या मिनिटाला साबणाची नाहीतर थंड पेयाची जाहिरात लागते. लोकांच्या जोकमध्येही तीच जाहिरातींची वाक्यं येत होती. म्हणजे जोक मेलेल्यांपेक्षा त्या दाखवण्यावर होता. ‘आता दुःखी व्हा’ असं कुणीतरी पडद्यावरून सांगतंय आणि ते सांगणाराच मध्ये साबण विकतोय, हे माणसाला आतून पटत नाही. ते हसण्यातून बाहेर येतं.

आपल्याकडचं उदाहरण फेब्रुवारी २०१८ चं. दुबईत श्रीदेवी गेल्या. बाथटबात बुडून, अपघाती मृत्यू. त्यानंतर वाहिन्यांनी टबाची चित्रं काढली, एका वाहिनीचा पत्रकार स्वतः टबात जाऊन झोपला आणि त्यानं प्रात्यक्षिक दिलं. त्यावर लोक हसले. ते श्रीदेवींना हसले का टबातल्या पत्रकाराला? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ते हेच, आणि अशांवर लोकांनी हसावं यात काही वाईट नाही. पण ते हसणं मोबाईलवर फिरत फिरत लांब गेलं की पत्रकार गळून पडतो आणि नुसता टब उरतो.

मसणवट्यातला विनोद

आता गावाकडं या. गावात मयतीला माणसं हसतच नाहीत असं कोण म्हणेल? तिरडी बांधताना सुतळीवरून, बांबूवरून खुसखुस चालते. अग्नी दिल्यावर लगेच उठता येत नाही, थांबावं लागतं. मग लोक जरा लांब, झाडाखाली, नदीकडंच्या दगडावर बसतात. आधी पावसाचं, मग सोयाबीनच्या भावाचं आणि मग हळूच गेलेल्या माणसाचे किस्से. त्यानं बाजारात व्यापाऱ्याला कसं बनवलं, लग्नात जेवणावरून कसा रुसला होता. हसू येतं. माणसं तोंडावर उपरणं घेऊन हसतात. दहाव्याला कावळा शिवेना तर कुणीतरी म्हणतंच, ‘तात्याचा जीव तंबाखूत अडकलाय, ठेवा एक पुडी.’ पुडी खरंच ठेवली जाते. लेकही रडता रडता हसतो.

याला कुणी निगरगट्टपणा म्हणत नाही, कारण त्याला कुंपणं होती. घरातल्या बायकांच्या, लहान पोरांच्या कानावर जाणार नाही एवढं अंतर धरलेलं असे. बोलणारा मयताला ओळखत असे. आणि मुख्य म्हणजे त्यानं खांदा दिलेला असे. सकाळपासून लाकडं वाहिली, मडकं आणलं, पाहुण्यांना फोन केले, त्या माणसाला दोन शब्द हसून बोलायचा हक्क आपोआप येतो. दुसऱ्या दिवशी सावडायलाही तोच असतो. बोललेलं तिथंच राखेत राहायचं, गावभर होत नसे.

मोबाईलनं विनोद आणला नाही. कुंपण काढलं. ज्यानं खांदा दिला नाही, चेहरा पाहिला नाही, गावाचं नावही नीट वाचलं नाही, तो बोलतो. आणि कोण ऐकतंय हे त्याला दिसत नाही. एका व्हॉट्सॲप ग्रुपात १,०२४ माणसं बसतात. त्यात मयताची मावसबहीण नसेल कशावरून? जिल्ह्यातला अपघात असला तर बहुतेक कुणीतरी असतंच. आपला तालुका म्हणजे शेवटी सोयऱ्यांचं जाळं. जावई तिकडचा, सून इकडची. कधी कधी तर घरच्यांना अधिकृत फोन यायच्या आधी बातमी ग्रुपवर पडते, फोटोसकट. आईनं पोराचा शर्ट आधी मोबाईलवर ओळखायचा आणि मग दवाखान्यात जायचं.

झाडाखाली बसून बोललेलं आणि ग्रुपवर टाकलेलं, वाक्य एकच असलं तरी कान वेगळे. सगळा फरक तिथं आहे.

फासावरचा हसतो ते वेगळं

मरणावरचा एक विनोद असा आहे की त्याला हात लावायचा हक्क कुणालाच नाही. सिग्मंड फ्रॉइड या मनाच्या डॉक्टरनं १९२७ साली विनोदावर एक छोटा लेख लिहिला. त्यात एक गोष्ट आहे. सोमवारी एका कैद्याला फाशी द्यायला नेत असतात आणि तो म्हणतो, वा, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली. फ्रॉइडचं म्हणणं, हा माणूस मरणाला सांगतोय की तू मला मारशील, पण रडवणार नाहीस. आता हेच वाक्य फाशी देणारा म्हणाला असता तर?

आपल्याकडं हा विनोद शेतकरी करतो. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्या पात्र ठरली तर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. पात्र ठरायला सातबारा, कर्ज, वसुलीचा तगादा हे सगळं कागदावर दिसावं लागतं. कट्ट्यावर बसलेला कर्जबाजारी माणूस यावर म्हणतो, ‘जिवंतपणी कर्जमाफीला अपात्र, मेल्यावर मदतीलाही अपात्रच निघायचो.’ सगळे हसतात, तोही हसतो. हा फासावरच्या माणसाचा विनोद. हेच वाक्य शहरात बसलेल्या कुणी एखाद्या बातमीखाली लिहिलं, ‘चला, एक लाख मिळाले’, की ते फाशी देणाऱ्याचं होतं.

इथं एक सांगणं गरजेचं आहे. स्वतःच्या मरणावरचा जोक तोच माणूस परत परत करायला लागला, ‘आता सुटलो की बरं’, ‘माझ्या दहाव्याला या’ असं सारखं बोलायला लागला, हिशेब मिटवायला लागला, वस्तू वाटायला लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नये. बाजूला घेऊन सरळ विचारावं. विचारल्यानं डोक्यात विचार घुसतो ही समजूत चुकीची आहे. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत फोन सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालते आणि तिथं मराठीतून बोलता येतं.

रडलंच पाहिजे का?

हसणाऱ्याला शिव्या बसतात, पण न रडणाऱ्यालाही बसतात, हेही बघितलं पाहिजे. ‘मेलेल्या म्हशीला मणभर दूध’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही. माणूस गेला की तो देवमाणूस होतो. चौकात फ्लेक्स लागतो, फ्लेक्सवर मयतापेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो जास्त असतात. कोणता फोटो कुठं, यावरून भांडणं होतात. ग्रुपवर ज्यानं हात जोडले नाहीत त्याचं नाव लक्षात ठेवलं जातं.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर या बंदबद्दल प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीनं त्याला ‘लाईक’ केलं. जोकही नव्हता तो. दोघींना अटक झाली. पुढं खटला मागं पडला, पोलीस अधिकारी निलंबित झाले. ज्या कलमाखाली असल्या अटका व्हायच्या ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. दुखवट्यात सामील न होणं हा गुन्हा नाही.

पण म्हणून काहीही लिहायला मोकळीक आहे असंही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ बदनामीचं आहे. त्यात मयत माणूसही येतो. जिवंत असता तर ज्यानं त्याची अब्रू गेली असती असं काही मेल्यावर लिहिलं आणि घरच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू असला, तर ती बदनामी होऊ शकते. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवेची शिक्षा. अत्याचारातल्या पीडितेचं नाव, फोटो टाकणं तर ती मयत असली तरी गुन्हाच आहे. श्रद्धांजली म्हणून टाकलं तरी गुन्हा. मेणबत्तीशेजारी फोटो लावणाऱ्यांना हे बहुतेक माहीत नसतं.

ग्रुप ॲडमिन लोकांना नेहमी एक भीती असते, की दुसऱ्यानं टाकलं तर आपण अडकू. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की, सदस्यानं आक्षेपार्ह टाकलं एवढ्यावरून ॲडमिनवर गुन्हा येत नाही. त्यात त्याचा स्वतःचा हात किंवा आधीच ठरलेला कट दिसला पाहिजे.

अडकत नाही म्हणजे काही करायचंच नाही असं नव्हे. अपघाताच्या जागी मोबाईल काढून उभे राहणारे बरेच जण पोलिसांचं लफडं नको म्हणून हात लावत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार जखमीला मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्तीही त्याच्यावर नाही. १०८ ला फोन करायला व्हिडिओ काढण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

ग्रुपवर टाकलेलं परत घ्यायचं असेल तर टाकणाऱ्याला दोन दिवस आणि १२ तास मिळतात. मेसेज दाबून धरायचा, ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करायचं. ‘माझ्यासाठी डिलीट’ दाबलं तर फक्त आपल्याच मोबाईलवरून जातं, बाकीच्यांना दिसतच राहतं. बरेच जण इथं फसतात. ॲडमिनला मात्र कुठल्याही सदस्याचा मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवरून काढता येतो, तीच पद्धत. ज्यानं तोवर पुढं पाठवला किंवा फोटो उतरवून ठेवला, त्याच्याकडं तो राहतो.